गोदाबाईची पाखरं, एक कमी

गोदाबाईला कुणी ‘आज वांगे किती निघाले वं?’ असं विचारलं, की ती ‘निघाले बापा’ एवढंच म्हणायची. भाकरी किती थापल्या, कोंबडीनं पिल्लं किती काढली, लग्नात पंगती किती उठल्या, कशाचाच आकडा तिच्याकडून मिळायचा नाही. मोजलं की बरकत जाते, दृष्ट लागते, हे तिला सासूनं शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. धान्य मोजायला बसलं तरी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, आणि मग दोन, तीन. हे तसं जुन्या बायांना सगळ्यांनाच माहीत आहे. पण बाकीच्या बाया अर्धं मानतात आणि अर्धं सोयीनं विसरतात. गोदाबाई पुरतं मानायची. आकडा सांगितल्याशिवाय सुटकाच नसली, तर ती एक कमी करून सांगायची. एक झाकून ठेवलं, की नजर लागली तरी सगळ्याला लागत नाही, असा तिचा सरळ हिशेब.

आणि अशा बाईच्या हातात तिच्या सुनेनं काय द्यावं? तर पाखरं मोजायचं ॲप! घ्या आता.

सून म्हणजे अपेक्षा, अमरावतीची. कॉलेजात असताना ती गळ्यात दुर्बीण अडकवून तळ्यावर जायची. पियुषशी लग्न होऊन बार्शीटाकळीच्या अलीकडे या नाल्याकाठच्या वावरात आली, तेव्हा तिला वाटलं होतं, आता संपलं सगळं, आता गवार तोडा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडा. पण तिनं पाहिलं, की आपली सासू दिवस उगवायच्या आत वाफ्यात बसून सांबार कापते आणि मधूनच आपसूक मान वर करते. ‘टिटवी चिडली वं आज, कुत्रं फिरलं असन तिकडं.’ ‘साळुंक्या पाह्य कशा भांडून राह्यल्या, जावाजावा हायेत वाटते.’ अपेक्षाला हसू आलं, आणि बरंही वाटलं. मग एका दुपारी तिनं सासूच्या मोबाइलात ते ॲप टाकून दिलं. त्यात पाखरांचे फोटो होते, खाली मराठीत नावं होती. पाखरू दिसलं की नावावर बोट ठेवायचं, किती दिसली तो आकडा टाकायचा, झालं. आकडा टाकल्याशिवाय मात्र ते पुढं सरकायचं नाही.

गोदाबाईला ते भलतंच आवडलं. मातीच्या बोटाला मोबाइल दाद द्यायचा नाही, तर ती पदरानं बोट पुसायची, मोबाइल पुसायची, पुन्हा बोट पुसायची. तोवर पाखरू उडून जायचं आणि ती त्याला शिव्या द्यायची. पियुष टेम्पोत माल भरता भरता म्हणायचा, ‘अडत्याले वांग्याचा फोटो पाठव म्हटलं तं पाठवत नाई, आन् बगळ्याचे पाठवून राह्यली गावभर.’

‘बगळा भाव पाडत नाई माया,’ गोदाबाई म्हणायची. सासरे नत्थुजी यावर काही बोलायचे नाहीत. ते मोटर चालू करायला गेलेले असायचे. त्या घरात कुणी काही वादाचं बोललं की नत्थुजींची मोटर चालू करायची वेळ होते.

बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. मग अमरावतीहून ओमप्रकाशजींचा फोन आला. ओमप्रकाशजी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, पाखरांच्या नादी लागलेले गृहस्थ. या भागातल्या नोंदी तपासायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. अपेक्षा त्यांना कॉलेजपासून ओळखायची.

‘ताई, तुमच्या नोंदी मी रोज पाहतो,’ ते म्हणाले. ‘फार मन लावून करता. पण एक विचारतो, रागावू नका. परवा तुम्ही पिंगळ्यांचा फोटो टाकला. त्यात दोन बसलेत. नोंद एकाची आहे. खंड्याचा फोटो अपेक्षानं मला पाठवला, इतका सुरेख, आणि यादीत खंड्याच नाही!’

गोदाबाई गडबडली. ‘असन बापा. डोळे जुने झाले आता.’

‘फोटो तर नव्या डोळ्यानं काढल्यासारखे येतात,’ ते हसले. ‘असू द्या. फक्त जेवढी दिसली तेवढी लिहा, ताई. कमी नाही, जास्त नाही.’

फोन ठेवला तेव्हा अपेक्षा चुलीशी उभी होती. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ‘आई, तुमी पाखरंही एक कमी करून टाकता का?’

‘मंग? जित्या जीवाची मोजणी हाये ते. वांगे मोजत नाई मी, आन् पाखरं मोजू?’

‘आन् एकटंच असलं तं?’

‘तं नाई टाकत. एकाच्यातून एक काढलं तं उरते काय?’

अपेक्षाला हसावं की रडावं कळेना. तिनं हसू गिळलं, कारण हे नुसतं सासूनं शिकवलेलं खूळ नाही, हे तिला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. पियुषच्या आधीचा गोदाबाईला एक मुलगा होता, चंदन. पियुष अंगावर पीत होता तेव्हा ती अकोटला नात्यातल्या लग्नाला गेली होती. हळदीला बसलेल्या बायांत कुणीतरी विचारलं, ‘लेकरं किती वं तुले?’ आणि गोदाबाई, तरणीताठी बाई, नवं लुगडं नेसलेली, एक पोर कडेवर आणि एक पदराला धरलेलं, सगळं शिकवलेलं विसरून ठसक्यात बोलून गेली, ‘दोन. दोघंही पोरंच!’ त्याच श्रावणात चंदनला ताप भरला. अकोल्याला नेईपर्यंत तो डोळे उघडत नव्हता. गोदाबाईनं डॉक्टरला दोष दिला नाही, देवाला दिला नाही, नशिबालाही नाही. सगळा दोष तिनं आपल्या जिभेला दिला आणि त्या दिवसापासून कानाला खडा लावला. मग उरला पियुष. त्याच्यातून एक कमी करून काय सांगणार? म्हणून ती त्याच्याबद्दल काहीच सांगायची नाही.

पियुषचं लग्न जमत होतं तेव्हा अपेक्षाच्या वडिलांनी रीतसर विचारलं, ‘अपत्यं किती आपल्याला?’ गोदाबाई म्हणाली, ‘देवानं दिलं ते हाये.’ बिचारा माणूस घाबरला. यांचा आणखी एखादा पोरगा असावा, काहीतरी उपद्व्याप करून पळालेला, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी गावात गुपचूप चौकशी केली. अपेक्षा ही गोष्ट अजूनही रंगवून सांगते. तिच्या माहेरचे पोट धरून हसतात. पियुष कधी हसत नाही. तो उठून टेम्पोचं टायर पाहायला जातो.

तर गणपती बसले होते त्या दिवसांतली गोष्ट. नत्थुजींच्या वावराला लागून केशवरावांचं पडीत आहे. केशवराव राहतात अकोल्यात, जुन्या शहरात. बरीच वर्षं त्या जमिनीला नांगर लागला नव्हता आणि कमरेएवढं गवत माजलं होतं. यंदा त्यांनी हरभरा पेरायचं ठरवलं होतं. गणपती उठले की ट्रॅक्टर येणार, असं त्यांनी पियुषला सांगून ठेवलं होतं.

सकाळी गोदाबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून विळ्याला धार लावत होती. आभाळ स्वच्छ होतं, गवत ओलं होतं. एकाएकी गवतातून काहीतरी सरळ वर उडालं, माणसाच्या उंचीएवढं, आणि पंख फडफडवत पुन्हा तिथंच खाली पडलं. गोदाबाईला वाटलं, कोंबडं फासात अडकलं. ती उठली. तेवढ्यात ते पुन्हा उडालं. काळं कुळकुळीत, पंखाशी पांढरं, आणि डोक्यामागे तुरे, नवरदेवाच्या बाशिंगासारखे हलणारे. सोबत एक टरटर आवाज. पुन्हा खाली. पुन्हा वर. गोदाबाई विळा हातात धरून तशीच उभी राहिली. ‘अगं माय माय माय,’ एवढंच तिच्या तोंडून निघालं. उड्या मारत होतं की नाचत होतं कोण जाणे, पण इतक्या वर्षांत असं काही तिनं पाहिलं नव्हतं.

घरी येऊन तिनं अपेक्षाला हातानं, मानेनं, पार उडी मारूनसुद्धा दाखवलं. अपेक्षानं ॲपातला फोटो काढून समोर धरला आणि गोदाबाईनं मान हलवली, तशी अपेक्षानं तोंडावर हातच ठेवला. ‘आई, तणमोर हाये हा! फार थोडे उरले हो आता. लोकं वर्षानुवर्षं फिरतात आन् दिसत नाई.’

ओमप्रकाशजींना फोन लावला तर त्यांनी आधी तुऱ्यांचं तीनदा विचारून घेतलं. ‘ताई, भाग्यवान आहात. नर नाचतो म्हणजे गवतात मादी असेल, अंडी असतील, पिल्लंही असतील. गवत मात्र राहायला पाहिजे.’

‘गवत तं जाते,’ गोदाबाई म्हणाली. ‘गणपती उठले की टॅक्टर येऊन राह्यला.’

मग ते म्हणाले, ‘केशवरावांना मी ओळखतो. माणूस ऐकणारा आहे, पण ऐकीव गोष्टीवर नाही. मागं कुणी बिबट्या दिसला म्हणून त्यांची पेरणी अडवली आणि बिबट्याचं निघालं कुत्रं. तेव्हापासून ते म्हणतात, लिहिलेलं दाखवा. तुम्ही नोंद टाका, ताई. तारीख, जागा, आकडा. ती घेऊन मी उद्याच्या उद्या अकोल्याला जातो.’

आकडा. गोदाबाईनं मोबाइल सुनेच्या हातात दिला. ‘तूच टाक वं.’

पण अपेक्षा पडली सरळ पोरगी. आपण पाहिलं नाही ते आपण टाकायचं नाही, हा त्या ॲपाचा पहिला नियम आणि ती तो मोडणार नव्हती. ती पहाटे सासूबरोबर धुऱ्यावर जाऊन बसली. पहिल्या दिवशी पाखरू उडालंच नाही. दुसऱ्या दिवशी ती चहा आणायला घराकडे वळली आणि पाठीमागे टरटर ऐकू आली. पळत आली तोवर गवत स्तब्ध. पियुषला पहाटे मार्केट असायचं. नत्थुजी म्हणाले, ‘मले चष्मा लावून बी म्हैस कोनाची ते समजत नाई,’ आणि मोटर चालू करायला गेले.

मग गोदाबाईनं आपल्या परीनं तोड काढली. मादी हुडकायची! मादी दिसली की झाले दोन, दोनातून एक झाकला की एक लिहायला मोकळी. तिला ही युक्ती इतकी पटली की त्या दिवशी जेवणही तिला गोड लागलं. रोज पहाटे ती धुऱ्यावर बसायची, डोळे फाडून गवताकडे पाहायची. नर उडायचा, पण मोबाइल काढून धरेपर्यंत पुन्हा गवतात बुडायचा. एखादी मादी मान वर करेल म्हणून ती श्वास धरायची. पण ती मादी कसली वस्ताद! अंड्यांवर बसलेली बाई कशाला कुणाला तोंड दाखवते? कुणाच्या घरचे गणपती दीड दिवसानं उठले, कुणाचे पाचव्या दिवशी. गावात ढोल वाजला की गोदाबाई हातातलं काम टाकून गवताकडे पाहायची.

ट्रॅक्टरवाला बांधावरून जागा पाहून गेला, त्या संध्याकाळी पियुष क्रेट धूत होता. तो म्हणाला, ‘आई, टाकून दे ना वं तो आकडा. एकाच आकड्याचा तं सवाल हाये.’

‘तेच तं. एकच हाये तो. एकाचं काय झाकू मी? पुरा दिसला म्हनून लेहू आन् उद्या त्याले काई झालं तं?’

‘नाई लेहलं तं परवा नांगराखालीच जाईन ना!’

‘मले नाई जमत रे.’

पियुषनं क्रेट आपटला. असा तो कधी आपटत नसे. ‘नाईच जमन तुले! मलेच नाई मोजलं कधी, तं पाखराले काय मोजशीन? लोकं विचारतात लेकरं किती, तू इकडं तिकडं पाह्यते. शाळेत मास्तरनं विचारलं, तवा बी तसंच. लगन जमून राह्यलं होतं तवा बी तसंच. चंदनदादा गेला, मले समजते. पन मी तं हाये ना, आई? मी मेल्यासारखा काहून राहू तुया तोंडात?’

अपेक्षा दारात थिजून उभी राहिली. गोदाबाईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. ‘तू राह्यला पाहिजे म्हनूनच नाई म्हनत रे माया सोन्या. एवढ्यासाठीच नाई म्हनत.’

पियुष खाली बसला. त्याचा राग गेला होता आणि त्याला आपल्या बोलण्याची लाज वाटत होती. ‘मी तं हाये,’ तो हळू म्हणाला. ‘तू नाई म्हटलं म्हनून नाई राह्यलो मी. असाच राह्यलो.’ मग त्यानं क्रेट उचलून सरळ ठेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोदाबाई एकटीच धुऱ्यावर गेली. आज ती मादी हुडकत नव्हती. तांबडं फुटलं, गवतावरचं धुकं विरलं आणि तो उडाला. किती उमेदीनं उडत होता! कुणी पाहतंय की नाही याची पर्वा नाही, उद्या नांगर येतो की नाही याची खबर नाही. गोदाबाईला त्याची दया आली आणि त्याच्यापेक्षा जास्त राग आला स्वतःचा. तिनं पदरानं बोट पुसलं. तणमोराच्या फोटोवर बोट ठेवलं. आकड्याची जागा उघडली आणि दोनदा भलतंच दाबलं गेलं. ‘देवा, पाह्य बापा, लेहून राह्यली मी,’ असं मोठ्यानं म्हणून तिनं एक टाकला. नोंद गेली. ती डोळे मिटून बसून राहिली, जणू आता आभाळ अंगावर येणार. आलं नाही. तिकडे गवतात टरटर चालूच होती.

ओमप्रकाशजी उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी अकोल्याला गेले. केशवरावांनी मोबाइल हातात घेऊन नोंद वाचली, तारीख पाहिली, जागा पाहिली, ‘ही नत्थुजींची बायको लेहते?’ असं आश्चर्यानं विचारलं आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन करून सांगितलं, की गवत वाळेपर्यंत राहू दे, हरभरा यंदा उशिरा पेरू. बाईनं कधी वांग्याचा आकडा सांगितला नाही आणि ती पाखराचा लिहिते, म्हणजे खरंच असणार, असं ते नंतर पियुषला म्हणाले. घरात त्या दिवशी अपेक्षानं पुरणपोळी केली. नत्थुजींनीसुद्धा मोटर बंद ठेवून निवांत दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. त्या किती झाल्या ते गोदाबाईनं अर्थातच पाहिलं नाही.

पुढचे काही दिवस तणमोर रोज उडाला. मग एका सकाळी उडाला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गोदाबाई ऊन चढेपर्यंत धुऱ्यावर बसली. गवतात टिटवी ओरडली, चंडोल वर गेला, पण ती टरटर नाही. अपेक्षानं ओमप्रकाशजींना फोन लावून दिला. ते शांतपणे म्हणाले, ‘ताई, पाऊस ओसरला की ते जातातच. दरसाल जातात. त्यांचं इथलं काम झालं. गवत राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात येतील.’

गोदाबाईनं हो हो म्हटलं. तिला ते पटलंही. पण आपण एक लिहिला आणि तो गेला. हे डोक्यातून निघता निघेना. पाखराचं जाऊ द्या, पाखराला पंख आहेत. तिला आठवला तो टेम्पो, अकोल्याचा रस्ता, समोरून येणारे ट्रक. तिनं पियुषला फोन लावला.

‘कुठं हायेस रे?’

‘जुन्या शहरात. माल उतरवून राह्यलो. काहून?’

‘काई नाई. गाडी हळू चालवत जाय.’

‘आई, काय झालं? पाखरू आज बी नाई दिसलं का?’

‘नाई दिसलं.’

‘येईन ते पुढच्या साली. गवत तं राह्यलं ना.’

‘ते येवो का न येवो,’ गोदाबाई म्हणाली. ‘तू येजो लवकर. मले तू एकच हायेस.’

पलीकडून बाजाराचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी बाई गवारीचा भाव विचारत होती, दुसऱ्यांदा विचारत होती, आता चिडून विचारत होती. पियुषनं तिला उत्तर दिलं नाही आणि फोनही ठेवला नाही.